स्पाउस व्हिसा आणि साडेपाच महिन्यांचा ओव्हरस्टे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणाच्या पुरवण्या मी वर्षानुवर्षं वाचत आलोय, त्यातल्या जाहिराती वाचूनच बाहेर गेलो होतो म्हटलं तरी चालेल. पण गेल्यावर गणित चुकलं, व्हिसा संपला तरी माणूस तिथेच राहिला (यालाच ओव्हरस्टे म्हणतात), परत आला, पुढे लग्न झालं आणि आता बायको ज्या देशात आहे तिथला व्हिसा हवाय, अशा माणसानं काय करायचं यावर कुठल्याच पेपरात चार ओळी सापडत नाहीत. येतात त्या बातम्या एकच छापाच्या, बोगस लग्न करून नागरिकत्व लाटलं वगैरे. म्हणजे एक तर तुम्ही गोल्ड मेडलिस्ट नाहीतर भामटे, मधले कोणी नाहीतच! मी त्या मधल्यांपैकी आहे, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं असेल तर कापा, फक्त एजंटचा भाग कापू नका ही विनंती.

माझी गोष्ट थोडक्यात अशी की मी २०१८ ला ब्रिटनला स्टुडंट व्हिसावर गेलो, दुसऱ्या वर्षी फी थकली, कॉलेजनं माझी स्पॉन्सरशिप, म्हणजे व्हिसासाठीची हमी, काढून घेतली. तिथे असं झालं की कॉलेज गृहखात्याला कळवतं आणि मग तुमची मुदत कापून साधारण ६० दिवसांवर आणतात, त्यात दुसरीकडे अॅडमिशन घ्या नाहीतर निघा. त्याची नोटीस ईमेलनं आली ती कॉलेजच्या आयडीवर, आणि तो आयडी फी थकल्याबरोबर बंद झालेला. माझ्या खिशातल्या व्हिसाच्या कार्डावर तारीख पुढच्या वर्षीची होती त्यामुळे मी निर्धास्त. मार्कशीटसाठी फोन केला तेव्हा पलीकडच्या बाई म्हणाल्या तुमचं तर कधीच बंद झालंय, तोपर्यंत ते ६० दिवस संपून वर दोन महिने झाले होते. इथपर्यंत मी बिचारा. पण त्यानंतरचे साडेतीन महिने मी कळूनसवरून राहिलो, कर्ज होतं डोक्यावर, घरी काय तोंड दाखवू असं वाटत होतं, आणि त्यातले काही आठवडे एका गोडाऊनमध्ये रोख पैशांवर कामही केलं. हे बेकायदेशीर होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये स्वतःच्या पैशानं तिकीट काढलं आणि निघालो. विमानतळावर मला कोणी अडवलं नाही, शिक्का नाही, प्रश्न नाही, काही नाही. सुटलो असं वाटलं.

२०२२ मध्ये लग्न झालं. बायको कॅनडात पीआर, म्हणजे तिथली कायमची रहिवासी, तिनं मला स्पॉन्सर करायचं ठरलं. आता ब्रिटन वेगळा, कॅनडा वेगळा, मला वाटलं जुन्या गोष्टीचा इथे काय संबंध. आणि इथेच एजंट आला.

एजंट म्हणजे वाईट माणूस नव्हता हो, चांगला बोलायचा, ऑफिसात भिंतभर व्हिसाचे फोटो. त्याला मी सगळं खरं सांगितलं, तर तो हसला आणि म्हणाला, साहेब तुम्हाला डिपोर्ट केलं का, नाही ना, पासपोर्टवर शिक्का आहे का, नाही ना, मग ओव्हरस्टे झालाच नाही असं समजायचं. तुम्ही पाच-सहा महिने आधीच परत आलात असं दाखवू. गोडाऊनचं तर नावच काढू नका. आणि पासपोर्ट तसाही संपत आलाय, हरवला म्हणून नवीन काढा, जुना कोण बघतंय. हे सगळं तो इतक्या सहज बोलला की मला क्षणभर वाटलं खरंच असंच करत असतील सगळे. करतही असतील बरेच जण.

हरवल्याची खोटी तक्रार हा वेगळाच गुन्हा, तो सोडा. आपल्या नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा नंबर छापलेला असतो हे त्या एजंटला माहीत नसेल? आणि शिक्क्याचं म्हणाल तर ब्रिटन बाहेर जाताना शिक्का मारतच नाही, पण २०१५ पासून बाहेर पडणाऱ्या प्रवाशांची नोंद विमान कंपन्यांकडून त्यांच्याकडे जाते. म्हणजे मला कोणी अडवलं नाही याचा अर्थ कोणी पाहिलं नाही असा नव्हता. बोटांचे ठसे तर मी पहिल्या व्हिसाच्या वेळीच दिलेले. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे पाच देश इमिग्रेशनची माहिती आणि ठसे एकमेकांना पुरवतात, नाव बदलेल पासपोर्ट बदलेल पण अंगठा तोच राहणार ना. म्हणजे कॅनडासाठी ठसे दिले की जुनी फाइल समोर येऊ शकते. येईलच असं नाही, पण येऊ शकते, आणि ती आज नाही आली तर पीआर झाल्यावर येईल, नागरिकत्वाच्या अर्जाला येईल, तेव्हा मुलंबाळं असतील, काय करणार?

बायकोनं त्याच रात्री फोनवर मला कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं ४० नंबरचं कलम वाचून दाखवलं. महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली किंवा दडवली तर ५ वर्षं कॅनडाचे दरवाजे बंद आणि त्या ५ वर्षांत पीआरचा अर्जसुद्धा करता येत नाही. आणि खोटं एजंटनं लिहिलं असलं तरी सही तुमची, म्हणजे खोटं तुमचं, मला माहीत नव्हतं हे सहसा चालत नाही. उलट दुसऱ्या देशातला साधा ओव्हरस्टे केला म्हणून स्पाउसच्या अर्जाला आपोआप नकार असं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे बघा, जे लपवायचं होतं ते तेवढं घातक नव्हतं आणि लपवणं मात्र घातक होतं. बायको म्हणाली लग्नाआधी मला सगळं सांगितलंस तेव्हा मी पळून गेले का, मग त्यांना सांगायला तुझ्या पोटात का गोळा येतोय. मी म्हटलं तू मला व्हिसा देणार नव्हतीस. तर म्हणाली दिलाच की.

एजंटला दिलेला अॅडव्हान्स बुडाला. बुडू दे म्हटलं. फॉर्म आम्ही दोघांनी स्वतः भरला, रात्र रात्र व्हिडिओ कॉल चालू ठेवून. आणि फॉर्म भरताना मला जे कळलं ते कोणीच सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्यातल्या आयएमएम ५६६९ नावाच्या फॉर्मात हो-नाहीचे प्रश्न असतात. एक प्रश्न असा की तुम्हाला कुठल्याही देशानं व्हिसा नाकारलाय का, प्रवेश नाकारलाय का, देश सोडायचा आदेश दिलाय का. आता मी ओव्हरस्टे केलेला, पण नोटीस मुदत कापल्याची होती, मला हाकलल्याचा आदेश नव्हता, म्हणजे इथे खरं उत्तर काय? घाबरून हो लिहावं की एजंटसारखं नाही लिहून हात झटकावेत? आम्ही ठरवलं की आधी माझ्या फाइलमध्ये नेमकं काय आहे ते बघायचं. ब्रिटनच्या गृहखात्याकडे स्वतःची माहिती मागता येते, फुकट मिळते, फक्त वाट बघावी लागते. ती आली तेव्हा त्यात माझी मुदत कापल्याची तारीख होती, ती कुठल्या ईमेलवर कळवली तो मेल होता आणि मी निघालो ती विमानाची तारीखसुद्धा होती. दिवसासकट. एजंटच्या म्हणण्याप्रमाणे मी आधीच परतल्याचं दाखवलं असतं तर दुसऱ्या बाजूला हा कागद तयार होता. अंगावर काटा आला खरंच.

फाइल बघून कळलं की देश सोडायचा आदेश असा काही निघालेला नव्हता, तेव्हा त्या प्रश्नाला नाही हेच खरं उत्तर, पण तिथेच न थांबता वेगळ्या स्पष्टीकरणात सगळं लिहायचं. हे लक्षात घ्या, प्रश्नाला जेवढं विचारलंय तेवढंच खरं उत्तर द्यायचं आणि बाकीचं पत्रात मांडायचं. घाबरून चुकीच्या ठिकाणी हो लिहिलं तरी घोळ होतो, मग त्या आदेशाचा कागद मागतात जो अस्तित्वातच नाही. दुसऱ्या फॉर्मात, आयएमएम ०००८ मध्ये, आधी कुठल्या देशात राहिलात आणि कुठल्या स्टेटसवर असं विचारतात, त्यात स्टुडंट, वर्कर, व्हिजिटर असे पर्याय आणि शेवटी अदर. आम्ही स्टुडंटची तारीख जिथे खरी संपली तिथे संपवली आणि पुढचे साडेपाच महिने अदर, स्टेटस नव्हतं. तो अदर निवडताना माऊस हलत नव्हता माझा. कामाच्या रकान्यात गोडाऊनही लिहिलं. एजंटच्या मते तिथे 'बेकार होतो' एवढंच लिहायचं होतं.

स्पष्टीकरणाचं पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं ते वाचून बायको म्हणाली हे रडगाणं आहे, आईचं आजारपण, कॉलेजचा अन्याय, गरिबी, सगळं घातलेलं आणि तारीख एकही नाही. अपरिहार्य कारणास्तव हा शब्द तीन वेळा आला होता, तो आधी काढला. शेवटचं पत्र दीड पान झालं. कुठल्या तारखेला मुदत संपली, कधी कळलं, कळल्यावरही का थांबलो, कुठे काम केलं, किती आठवडे, कधी निघालो, तिकीट कोणी काढलं, त्यानंतर कुठल्या देशाच्या नियमाचा भंग केला नाही, चूक माझी होती. बस. सोबत बँकेचं स्टेटमेंट ज्यात तिकिटाचे पैसे कापलेले दिसतात, बोर्डिंग पास सुदैवानं एका पुस्तकात खुणेसाठी ठेवलेला तो, आणि गृहखात्याकडून आलेले कागद. ब्रिटनचं पोलीस सर्टिफिकेट तर लागतंच, ६ महिन्यांहून जास्त सलग राहिलेल्या देशाचं मागतात, ते अॅक्रो नावाच्या ऑफिसकडून ऑनलाइन मिळतं, त्यात शिक्षा किंवा पोलिसांची ताकीद असेल तर दिसते, माझं कोरं आलं. कोरं आलं म्हणून ओव्हरस्टे लिहायची गरज नाही असं काही लोक समजतात, तसं नाहीये, पोलिसांची नोंद वेगळी आणि इमिग्रेशनची वेगळी.

लग्न खरं असल्याचे पुरावे हा दुसरा मोठा भाग. ज्याच्या नावावर ओव्हरस्टे आहे त्याचं लग्न अधिकारी जास्त बारकाईनं बघणार हे उघड आहे, मी त्याच्या जागी असतो तर मीही बघितलं असतं. आम्ही नुसते लग्नाचे फोटो नाही दिले, भेटलो तेव्हाची तिकिटं, एकमेकांना पाठवलेले पैसे, कॉलचे रेकॉर्ड महिन्यामहिन्याचे थोडे थोडे, आणि भांडणानंतरचे दोन मेसेजसुद्धा. ते बायकोचं डोकं. म्हणाली खोट्या लग्नात इतकं भांडतं का कोणी.

बरं मग झालं काय? अर्ज २०२३ ला गेला आणि काही महिन्यांनी पत्र आलं. मी उघडलंच नाही, बायकोनं उघडलं. ओव्हरस्टेबद्दल एक अक्षर नव्हतं! विचारलं काय होतं, तर २०२१ मध्ये दोन पत्त्यांच्या मध्ये तीन आठवडे रिकामे आहेत, तेव्हा कुठे होता. मित्राकडे होतो, घर बदलत होतो, लिहायचं राहून गेलं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी झोप उडाली होती ती त्यांनी वाचून बाजूला ठेवली आणि ज्याचा मला पत्ताच नाही तिथे बोट ठेवलं. मित्राकडून पत्र घेतलं, पाठवलं, पुढच्या वर्षी मंजुरी आली. नंतर बायकोनं माहितीच्या कायद्याखाली फाइलवरच्या अधिकाऱ्याच्या नोंदी मागवल्या, त्यात ओव्हरस्टेवर दीड ओळ होती, अर्जदारानं स्वतःहून सांगितलं, स्पष्टीकरण पटण्यासारखं. माझ्या चार खर्ड्यांची दीड ओळ. लाख मोलाची.

हे माझं झालं, पण सगळ्यांचं असं होईल असं मी म्हणत नाही, देशादेशाचे नियम वेगळे आहेत आणि ज्या देशात ओव्हरस्टे केला त्याच देशात बायको किंवा नवरा असेल तर प्रकरण बरंच वेगळं होतं. यात सगळ्यात मोठी फसगत अमेरिकेची, कारण तिथे आपला साधा तर्क उलटा पडतो. तिथे १९९६ चा कायदा आहे, १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहिलात आणि मग देश सोडलात तर ३ वर्षं बंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त असेल तर १० वर्षं. नीट वाचा, बंदी लागते ती देश सोडल्यावर. आता एखादी मुलगी व्हिसावर रीतसर गेली, मुदत उलटून दीड वर्ष राहिली आणि अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं, तर घरचे सल्ला देतात बाई परत ये आणि इथून नीट स्पाउस व्हिसा काढून जा, सगळं सरळ मार्गानं कर. सल्ला सज्जनपणाचा आहे आणि तोच गळ्याशी येतो, कारण रीतसर प्रवेश करून आलेल्या नागरिकाच्या नवराबायकोला ओव्हरस्टे असूनही तिथे राहूनच ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो, आणि ती विमानात बसली की १० वर्षांचं कुलूप लागतं. मग माफीचा अर्ज, त्यात अमेरिकेतल्या नवऱ्याचे किंवा आईवडिलांचे अतोनात हाल होतील हे सिद्ध करायचं, नुसतं करमत नाही म्हणून चालत नाही. म्हणून अमेरिकेत असाल तर तिकीट काढायच्या आधी वकील गाठा, नंतर नाही. ही सवलत नागरिकाच्या जोडीदाराला आहे, नुसत्या ग्रीन कार्डवाल्याच्या जोडीदाराला ओव्हरस्टे असा सहज माफ होत नाही, हा फरकही लग्नाच्या घाईत कोणी विचारत नाही. आणि तिथे खोटं पकडलं गेलं तर ५ नाही, कायमची बंदी, माफीचा अर्ज तेवढा उरतो.

तिथलाही तारखेचा घोळ माझ्यासारखाच आहे. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावर १० वर्षांची तारीख असते आणि लोकांना वाटतं १० वर्षं राहता येतं, खरी तारीख असते ती आय-९४ नावाच्या नोंदीवर, बहुतेक टुरिस्टांना ६ महिने. आईवडील मुलांकडे जातात त्यांच्या बाबतीत हे फार होतं, पण तो वेगळा विषय.

ब्रिटनमध्ये माझ्यासारख्याला परत जायचं असतं तर? तिथे ३० दिवसांपर्यंतचा ओव्हरस्टे असेल आणि स्वखर्चानं निघालात तर तेवढ्यावरून बंदी लावत नाहीत. त्याहून जास्त झाला पण स्वतःच्या पैशानं गेलात तर १२ महिने, सरकारच्या खर्चानं पाठवलं तर आणखी जास्त, आणि फसवणूक असेल तर १० वर्षं. हे आकडेच बघा ना, राहिलात त्याला १२ महिने आणि खोटं बोललात त्याला १० वर्षं. कुटुंबाच्या व्हिसाला ही बंदी कशी लागू होते त्याचे नियम मात्र वरचेवर बदलतात, २०२५ मध्येही बदललेत, त्यामुळे कोणाच्या चुलतभावाचं २०१९ ला झालं होतं यावर जाऊ नका. बाकी तिथे स्पाउस व्हिसाला मिळकतीची अट आहेच, एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांना वर्षाला २९,००० पाउंड, आधी १८,६०० होती. कित्येक जोडपी ओव्हरस्टेवर नाही तर या आकड्यावरच अडकलीत.

ऑस्ट्रेलियात २८ दिवसांहून जास्त राहून निघालात तर बऱ्याच तात्पुरत्या व्हिसांना ३ वर्षांची आडकाठी येऊ शकते. युरोपात शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहायचं हा हिशोब, आधी शिक्के मोजायचे आणि लोक मोजण्यात घोळ घालायचे, काही मुद्दाम घालायचे, आता ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस नावाची यंत्रणा सुरू झालीय, चेहरा आणि ठसे घेऊन आत-बाहेरची नोंद आपोआप होते आणि मुदत उलटली तर यंत्रच दाखवतं. शिक्का पुसट आलाय साहेब, हे आता चालायचं नाही. पण युरोपचीच एक चांगली बाजूही आहे, युरोपियन युनियनचा नागरिक आपला देश सोडून युनियनमधल्या दुसऱ्या देशात राहत असेल तर त्याच्या जोडीदाराला बरेच हक्क आहेत, २००८ मध्ये मेटॉक नावाच्या खटल्यात तिथल्या कोर्टानं सांगितलं की जोडीदार आधी कायदेशीरपणे राहत होता का यावरून त्याचा हक्क काढून घेता येत नाही. हे आपल्याकडे किती जणांना माहीत असेल? मलाही फॉर्म भरताना वाचता वाचता सापडलं.

आखातातल्यांचं अजून वेगळं. यूएईनं सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ माफीची योजना काढली होती, दंड माफ, परत यायला बंदी नाही. त्यात बाहेर पडलेले बरेच जण आता म्हणतात आमची पाटी कोरी झाली. यूएईपुरती झाली, पण उद्या दुसऱ्या देशाच्या स्पाउस व्हिसाच्या फॉर्मात तुम्ही कुठे कुठल्या स्टेटसवर राहिलात हे विचारतील तेव्हा ती वर्षं तिथे लिहायचीच आहेत. दंड माफ होणं आणि ती वर्षं पुसली जाणं या दोन गोष्टी वेगळ्या.

आता परत एजंटकडे येतो कारण राग तिथेच आहे. आमच्या ओळखीतलं एक जोडपं आहे, त्यांचा ओव्हरस्टे माझ्यापेक्षा कमी, अडीच महिन्यांचा, तोही दुसऱ्याच देशातला. त्यांनी लपवला, सल्ला अशाच एका भिंतभर फोटोवाल्याचा. त्यांना पत्र आलं की आमच्याकडची माहिती आणि तुमचा अर्ज जुळत नाही, खुलासा करा. कॅनडात याला प्रोसिजरल फेअरनेस लेटर म्हणतात, नकार द्यायच्या आधी म्हणणं मांडायची ती संधी असते. त्या वेळी तरी खरं सांगायचं, तर एजंटनं त्यालाही उलटसुलट उत्तर दिलं, पासपोर्ट हरवल्यामुळे तारखा आठवत नाहीत वगैरे. पाच वर्षांची बंदी लागली. आता अपील चालू आहे, जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपमध्ये खोटेपणाच्या नकारावरही अपील करता येतं हा त्यातल्या त्यात दिलासा, पण पोरगी तिकडे बापाला व्हिडिओवर बघते. एजंट? त्याचा फोन बदलला. आणि त्यांच्या अर्जावर एजंटचं नाव, सही कुठेही नाहीच, ईमेल आणि पासवर्ड मात्र त्याच्याकडे. असल्यांना तिकडे घोस्ट कन्सल्टंट म्हणतात, काम करतो पण कागदावर नसतो, भूतच.

खरा सल्लागार ओळखायचा सोपा मार्ग आहे. कॅनडासाठी पैसे घेऊन सल्ला देणारा वकील तरी असावा लागतो नाहीतर तिथल्या इमिग्रेशन कन्सल्टंट कॉलेजकडे नोंदवलेला, त्याचा नंबर त्यांच्या साइटवर कोणीही तपासू शकतो, आणि तो तुमच्या अर्जात प्रतिनिधी म्हणून स्वतःचं नाव लिहून सही करतो. ऑस्ट्रेलियात मायग्रेशन एजंटची नोंदणी असते, ब्रिटनमध्येही इमिग्रेशन सल्लागारांसाठी सरकारी संस्था आहे. सही करायला कां-कूं करणारा असेल तर उठा तिथून. आणि ओव्हरस्टे लपवा म्हणणारा असेल तर अॅडव्हान्स सोडून उठा, माझ्यासारखं.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल चूक करून वर तोऱ्यात सल्ले देतोय. तोरा नाही हो. ज्यांनी रांगेत उभं राहून, एक दिवसही वर न राहता व्हिसे मिळवले त्यांना माझ्यासारख्याचा राग येत असेल तर तो बरोबरच आहे. मी फक्त एवढंच म्हणतोय की तो राग असूनही नवराबायकोनं एकत्र राहावं असं बऱ्याच देशांच्या कायद्यांना वाटतं, त्यासाठी दारं ठेवलेली आहेत, आणि ती दारं आपलीच माणसं आपल्याला खोटं बोलायला लावून बंद करतायत.

तुमच्याकडे माझी मागणी एकच, संपादक साहेब. व्हिसाच्या जाहिराती तुम्ही छापता, धंदा आहे, समजू शकतो. पण 'गॅरंटीड स्पाउस व्हिसा, जुना रिफ्युजल-ओव्हरस्टे चालेल' अशी जाहिरात आली की त्याच्याकडून नोंदणी नंबर मागा आणि तो जाहिरातीतच छापा. ज्याच्याकडे असेल तो आनंदानं देईल. नसेल त्याची जाहिरात गेली तर तुमचं पाव पानाचं नुकसान होईल, आमच्या ओळखीतल्या त्या पोरीची पाच वर्षं गेलीत.

नाव, पत्ता सोबतच्या कागदावर दिलाय पण कृपया छापू नका. लपवू नका म्हणणाराच नाव लपवतोय असं कोणी म्हणेल, म्हणू दे. व्हिसा अधिकाऱ्याला मी सगळं सांगितलंय, सासरच्या लांबच्या नातेवाइकांना सांगा असं कुठल्या फॉर्मात विचारलेलं नव्हतं.

आपला,
एक जुना वाचक